झिऱ्याचा फोटो

फोटोत नदीचं कोरडं पात्र आहे. वाळू, दगड, उजवीकडे अर्धवट सोडून दिलेल्या पुलाचा एक खांब, मागे दोन उंचवट्यांचा डोंगर आणि पुढे, अगदी बघणाऱ्याच्या पायाशी, बोराटीच्या काटेरी फांद्यांचा ढीग. माणूस नाही. जनावर नाही. पुण्याच्या ज्या दालनात तो पुढे लागला तिथे लोक त्याच्यासमोर हात मागे बांधून बराच वेळ उभे राहायचे म्हणे. एका बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तो फोटो आठवला की किळस येते.

राग आला असता तर मला त्याचं काय करायचं ते कळलं असतं. रागावरच मी वाढले. माझे वडील पत्रकं लिहायचे. बीडच्या एका छोट्या छापखान्यात ती गुलाबी नाहीतर पिवळ्या पातळ कागदावर छापली जात आणि वाटून उरलेली आमच्या घरी येत. माझ्या वह्यांना त्यांची कव्हरं असायची. त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी गणितं केली. जोडाक्षरातला क्क मी ‘धिक्कार’ या शब्दावरून शिकले. आमच्या घरात प्रत्येक गोष्टीला एक दोषी असायचा आणि खाली क्रमांक घातलेल्या मागण्या असायच्या. पत्रकात राग मावतो. किळस मावत नाही, कारण किळस आली की माणूस मागणी करत नाही, तोंड फिरवतो. मला तोंड फिरवायचं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

छायाचित्रकार आमच्याच भागातला. म्हणजे त्याची आई इथली. तो वाढला पुण्यात, शिकला परदेशात आणि पस्तिशीच्या आसपास त्याला आपलं मूळ आठवलं. आमच्या सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्ष त्याचे सख्खे मामा. कारखान्यातले लोक त्याला भाचेसाहेब म्हणायचे. दुष्काळावर मी एका साप्ताहिकात लिहिलेला लेख त्याने वाचला होता. त्याच्या पुस्तकासाठी ‘इथल्या मातीतला मजकूर’ मी लिहावा असा त्याने निरोप धाडला. मी वडिलांना विचारलं. त्यांची हयात त्या कारखान्याच्या फाटकावर पत्रकं वाटण्यात गेली होती, पण फाटकाच्या आत त्यांना कोणी घेतलं नव्हतं. ते म्हणाले, जा, आत काय चाललंय ते बघून ये.

आत विश्रामगृहापुढे हिरवळ होती आणि हिरवळीवर सिमेंटची तीन हरणं होती. मी गेले तेव्हा माळी नळी धरून त्या हरणांच्या अंगावरची धूळ धूत होता. ते वैशाखाचे दिवस होते. आमच्या जिल्ह्यातल्या शिरूरकडच्या गावांमध्ये टँकर येईल त्या दिवशी शाळा सुटायची. हरणांच्या पोटाखालून ओघळलेलं पाणी सिमेंटच्या ओट्यावरून वाहत गटारात जात होतं आणि माळ्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. त्याला तसं सांगितलेलं होतं.

छायाचित्रकाराने मला चहा दिला आणि आपल्या कामाबद्दल समजावून सांगितलं. बोलणं मऊ, नजर प्रामाणिक. वाईट माणूस नव्हता, आणि हेच मला आजही पचवायला जड जातं. त्याचं म्हणणं असं की आपण कोण हे आपल्याला माणसं सांगत नाहीत, जागा सांगते. तो म्हणाला, “मी माणसांचे फोटो काढत नाही. ही जमीन हाच माझा चेहरा आहे.” वाक्य ऐकायला बरं होतं. पत्रकातही चाललं असतं.

पहिल्या दिवशी आम्ही कपिलधारला गेलो. धबधब्याच्या जागी काळा, कोरडा कडा होता. त्याला तो तसाच हवा होता. पण देवस्थान म्हटल्यावर माणसं असणारच. त्याने तिकाटण्यावर कॅमेरा लावला आणि लोक चौकटीबाहेर जाण्याची वाट बघू लागला. लोकांच्या ते लवकरच ध्यानात आलं. लांबून चालत आलेल्या बाया, कडेवर पोरं घेतलेले बाप, सगळे आपणहून एका बाजूला सरकले आणि भिंतीच्या कडेने उन्हात उभे राहिले. साहेबांचं काम चाललंय, एवढं त्यांना पुरलं. कोणी विचारलं नाही की कसलं काम. दर्शन थांबवून ती रांग फोटोत न येण्यासाठी उभी होती आणि हा मान तिरकी करून दगडाकडे बघत होता. मी मनात म्हटलं, असेल कलेची रीत.

नदी आमच्या गावाखालून जाते आणि पुढे सिंदफणेला मिळते. नकाशात तिला नाव आहे, आम्ही नुसतं नदी म्हणतो. पाऊस पडला नाही की तिच्या वाळूत लोक झिरे खोदतात. झिरा म्हणजे गुडघाभर किंवा कमरेइतका खड्डा. त्यात खालून पाणी पाझरतं. वाटीने भरायचं, घागरीत ओतायचं, पुन्हा पाझरेपर्यंत बसायचं. कुत्री-डुकरं तोंड घालू नयेत म्हणून वर बोराटी टाकून ठेवतात. आणि या बाबतीत आमच्याकडे एक शिस्त आहे. काटी टाकलेला झिरा ज्याचा असेल त्याला हाक दिल्याशिवाय कोणी उघडत नाही. हाक दिली आणि पाणी मागितलं तर ज्याचा आहे तो नाही म्हणत नाही. हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. भांडणाऱ्या भावकीतसुद्धा हे पाळलं जातं.

पुलाच्या खांबाजवळचा झिरा एका मेंढपाळ जोडप्याचा होता. म्हातारा आणि म्हातारी. त्यांना सगळे आबा आणि मावशी म्हणायचे, मीही म्हणायचे. पोरी लग्न होऊन गेलेल्या, घरात दोघंच, आणि मेंढ्यांचा कळप. त्या वर्षी कारखान्याने चारा छावणी उघडली होती, पण तिथे गाई, बैल, म्हशी घ्यायचे. मेंढरं लहान जनावरांत मोडतात, म्हणून छावणीत त्यांना जागा नव्हती. कळप जगायचा तर त्या एका खड्ड्यावर.

छायाचित्रकार सरळ बोराटीकडे निघाला, तसं त्याला थांबवून मी काठावरून हाक दिली. बाभळीच्या सावलीतून मावशी उठली.

“उन्हाचं कावून आलाव?” तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता एकेक फांदी बाजूला करून पाणी काढायला बसली.

आबा मागून आला. छायाचित्रकाराला आपादमस्तक न्याहाळत त्याने विचारलं, कुठल्या गावचे. तो म्हणाला, मी इथलाच.

“इथले म्हंजी कुनाचे?”

मी सांगितलं, कारखान्याच्या अध्यक्षांचे भाचे. आबा एकदम ताठ झाला. धोतराला हात पुसले. म्हणाला, “मंग आपलेच की. मी सभासद हाय.”

आबाला या गोष्टीचा फार अभिमान. कारखाना निघाला तेव्हा गावोगाव फिरून शेअर गोळा केले होते. आबाच्या बापाने दोन मेंढे विकून एक शेअर घेतला होता. उसाचं एक टिपरू त्या घरातून कधी कारखान्याला गेलं नाही, कारण उसाला लागणारं रान आणि पाणी त्यांच्याकडे नव्हतंच. पण दर वर्षी सभेला आबा पटका बांधून जायचा, जिलबी खायचा, सभासदाची साखर घेऊन यायचा आणि आठवडाभर ‘आमचा कारखाना’ असं बोलायचा. मावशी म्हणायची, “ह्याच्या कारखान्याच्या धुराड्यातून ह्याची अक्कल गेली उडून.”

पाणी गार होतं. गोड होतं. छायाचित्रकार तांब्याभर प्यायला आणि खरंच हलून गेला. मग म्हणाला, आधी जसं होतं तसंच करता येईल का? मावशीने पुन्हा फांद्या टाकल्या. तो चौकटीतून बघत सांगू लागला: ती डावीकडची जरा वर, ती मोठी अजून पुढे. आधीच्या फांद्या वाळून काळपट पडल्या होत्या, त्या त्याला वाळूत उठून दिसेनात. मावशीने कोयती घेतली, काठावरच्या बोरीच्या चार ओल्या, हिरव्या फांद्या तोडून आणल्या आणि वर रचल्या. काटा रुतलेलं बोट तिने तोंडात धरलं होतं. मग त्याने सगळ्यांना लांब जायला सांगितलं. मेंढ्यांनाही.

मेंढ्यांची पाण्यावर यायची ती वेळ होती. तो उतरत्या उन्हाची वाट बघत होता. कळप दरडीपलीकडे अडवून ठेवला होता आणि मेंढ्यांना पाण्याचा वास येत होता. त्यांचं ते ओरडणं मी अजून विसरलेले नाही. कॅमेऱ्यात आवाज येत नाही.

काम झाल्यावर मावशीने मला हळूच विचारलं, “आमचा काडला न्हाई व्हय?”

मी म्हटलं, नाही मावशी, ते जागेचे काढतात.

“बरं,” ती म्हणाली. “जागा तर काय, हितंच हाय.”

पावसाळा आला तसा गेला. पोळ्याला लोकांनी बैल धुतले नाहीत, ओल्या फडक्याने पुसले. आणि सभेच्या आठवड्यात कारखान्याच्या सभागृहात छायाचित्रांचं प्रदर्शन भरलं. पुण्याला जाण्याआधी ते इथे, ‘आपल्या माणसांसमोर’ दाखवायची छायाचित्रकाराची इच्छा होती. अध्यक्षांनी सभागृह दिलं, चौकटी करायचा खर्चही उचलला.

आबा आणि मावशीला मीच सांगितलं होतं, त्यामुळे ती दोघं आली. एवढ्या गार फरशीवर चालायची सवय नसल्याने मावशी भिंत धरून चालत होती. आपल्या झिऱ्याचा फोटो दारातूनच तिला ओळखू आला. जवळ जाऊन तिने काचेवर बोट ठेवलं. “ही काटी मी तोडल्याली हाय. ही बी.” तिथल्या शिपायाने हात लावू नका म्हणून दटावलं.

मग अध्यक्ष आले. मागे संचालक, सोबत पाणीपुरवठा बघणारा अभियंता. इतर फोटोंपुढून ते मान हलवत गेले. या फोटोपुढे थांबले. त्यांनीही हात मागे बांधले, पण त्यांचं बघणं वेगळं होतं. शहरातल्या माणसाला त्या फोटोत कुठलीही नदी, कुठलाही डोंगर दिसतो. आमच्याकडच्या माणसाला त्यात पत्ता दिसतो. दोन उंचवटे, पुलाचा खांब, झालं. आणि अध्यक्ष कितीही मोठे झाले तरी याच रानात गुरं राखत वाढलेले.

“वैशाखातला फोटो ना रे हा?” त्यांनी भाच्याला विचारलं. तो हो म्हणाला. मग ते अभियंत्याकडे वळले. “काटी ओली आहे. वैशाखात नदीत ओली काटी कोण टाकतं?”

“झिरा असेल, साहेब.”

“असेल नाही, आहे. खांबाच्या खालच्या अंगाला. पाणी कसं आहे?”

हा प्रश्न त्यांनी भाच्याला केला. तो उजळून गेला. नंतर त्याने मला सांगितलं की मामांनी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या कामाबद्दल काही विचारलं होतं. तो भरभरून बोलला. पाणी किती गार, किती गोड, काढलं की कसं पुन्हा भरतं, सगळा कळप कसा त्यावर जगतो. आबा बाजूलाच उभा होता. कोणाचा झिरा असा प्रश्न यायच्या आत त्याने हात वर केला.

“माझा हाय, साहेब. मी सभासद हाय.”

अध्यक्षांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, वा.

दुसऱ्या दिवशी दोन माणसं लोखंडी पहार घेऊन नदीत उतरली आणि खांबाच्या आसपास वाळूत ती ठोकून बघत फिरली. मावशी मेंढ्यांकडे होती. परत आली तेव्हा बोराटी दोन्ही बाजूंना फेकलेली, पाणी गढूळ. हाक दिली नव्हती. ती माणसं परकी नव्हती, शेजारच्या गावची होती, त्यांच्या आया याच नदीत झिरे खोदत आल्या होत्या. कारखान्याचा शर्ट अंगात घातला की ही शिस्त विसरता येते, हे मला त्या दिवशी कळलं.

मावशी आमच्या घरी आली. तिला काय हवं होतं ते अगदी साधं होतं. बऱ्याचशा मेंढ्या गाभण होत्या. त्या विईपर्यंत, पिलं पायावर उभी राहीपर्यंत झिरा राहायला हवा होता. त्यानंतर दर वर्षीसारखं कळप घेऊन खाली पाण्याच्या मुलखाकडे चालू लागता आलं असतं. गाभण मेंढी एवढं चालवली की गाभ टाकते. बास, एवढंच.

वडिलांनी त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं. वरती ‘सभासद बंधू-भगिनींनो’. पहिली मागणी झिऱ्याची. दुसरी, मेंढ्यांना छावणीत प्रवेश. मग त्यांचा हात थांबेना. उसाचा भाव आला, नोकरभरती आली, मागच्या निवडणुकीतली दमदाटी आली. मी वाचून दाखवलं. मावशीने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, “येवडं कशाला? झिऱ्याला हात लावू नका, येवडं म्हना की.”

पण ते म्हणणार कोण? वडिलांनी कधी शेअर घेतला नव्हता, तत्त्व म्हणून. मी सभासद नाही. मावशी नाही. सभेत बोलायचा हक्क आमच्यापैकी एकट्या आबाला होता. तो तयार झाला, अगदी उत्साहाने. मावशीने त्याच्याकडून वाक्य पाठ करून घेतलं. साहेब, त्या झिऱ्यावर माज्या गाभन मेंढ्या हायेत, दिवाळीपातूर त्याला हात लावू नका. तो चालताना म्हणायचा, दूध काढताना म्हणायचा. मावशी म्हणायची, “आन ह्याच्याफुडं एक अक्षर बोलू नकू. तुजं त्वांड सुटलं की मला भ्या वाटतंय.”

सहकारी कारखान्याची सभा ज्याने पाहिली नाही त्याला हे सांगायला हवं. व्यासपीठावरून सचिव विषय वाचतो. विषय क्रमांक अमुक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. वाक्य संपायच्या आत मंडपातून आवाज येतो, मंजूर. ताळेबंद, मंजूर. लेखापरीक्षकाची नेमणूक, मंजूर. पुढच्या रांगांत कामगार बसवलेले असतात, सुरुवात ते करतात, पण मागचे मनापासून साथ देतात. भजनात टाळी जशी आपोआप पडते तसा तो शब्द पडतो. माणसं जिलबी चघळत, शेजाऱ्याशी बोलत, मान वळवून कोण आलं-गेलं बघत मंजूर म्हणतात. ते काय मंजूर करतात हे त्यांना माहीत नसतं आणि माहीत करून घ्यायची इच्छाही नसते. शेवटचा विषय असतो अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. खरी कामं तिथे होतात, कारण ती छापील अहवालात नसतात.

वडील सकाळपासून फाटकावर पत्रकं वाटत होते. लोक घेत होते. आमच्याकडे दिलेला कागद कोणी नाकारत नाही. मंडपात खाली धूळ होती, सतरंज्या कमी पडल्या होत्या. पिवळं पत्रक पसरून त्यावर माणसं बसली. काहींनी जिलबीला घेतलं. ‘जाहीर निषेध’ या अक्षरांवर पाकाचा डाग पसरत जाताना मी पाहिला.

मी आणि मावशी कनातीबाहेर उभ्या होतो. दोन कनातींच्या फटीतून आत दिसत होतं. आबा मधल्या रांगेत, पटका बांधून, ओठ हलवत बसला होता. वाक्य म्हणत होता.

विषय सरसर गेले. ऐनवेळचा विषय आला. सचिवाने वाचलं: येत्या गळीत हंगामासाठी आणि छावणीतील जनावरांसाठी पाण्याची तूट लक्षात घेता नदीपात्रातील पुलाजवळचा नैसर्गिक स्रोत कारखान्यामार्फत खोल करून...

आबा उठला. हात वर केला. मावशीने माझा दंड धरला.

पुढच्या रांगांतून आवाज उठला आणि मागे पसरत आला. आबाचं तोंड उघडं होतं, श्वास भरलेला होता. आणि त्या तोंडातून, मी स्वतः ऐकलं, मोठ्याने, इतरांच्या पाठोपाठ, त्यांच्याच चालीत शब्द आला. मंजूर.

तो तसाच उभा राहिला, हात वर. त्याला कळलं की नाही माहीत नाही. शेजारच्याने खूश होऊन त्याच्या पाठीवर थाप मारली. अध्यक्षांची नजर त्याच्याकडे गेली आणि त्यांनी माईक जवळ घेतला.

“हे बघा,” ते म्हणाले, “ज्यांचा झिरा आहे ते सभासद स्वतः उभं राहून, हात वर करून मंजुरी देत आहेत. याला सहकार म्हणतात.”

टाळ्या पडल्या. आबाचा हात हळूहळू खाली आला. त्याचे ओठ पुन्हा हलायला लागले. वाक्य आता येत होतं, पण पुढचं भाषण सुरू झालं होतं. छायाचित्रकार व्यासपीठाच्या कडेलाच होता. गळ्यात कॅमेरा होता. सबंध मंडपात तो एक चेहरा होता ज्याच्यावर काय चाललंय ते सगळं उमटलं होतं. त्याने कॅमेरा उचलला नाही. तो माणसांचे फोटो काढत नाही.

मावशीने माझा दंड सोडला. ती घराकडे चालू लागली. वाटेत आबा तिला गाठून सांगायला लागला, आगं, मी म्हननार व्हतो, मी म्हनतच व्हतो. त्याच्या हातात साखरेची पिशवी होती. तिने ती घेतली नाही. त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलेनाशी झाली. सांगायचं असलं तर कुत्र्याला सांगायची. “मोत्या, भाकर झालीय म्हनावं.”

पोकलेन आलं. झिऱ्याच्या जागी विहिरीएवढा खड्डा झाला आणि त्यात पाणी साचलं, ते बघायला गाव लोटलं. त्याची पूजा झाली, नारळ फुटला. मोठी मोटर बसली. जे पाणी वाटीवाटीने उन्हाळाभर पुरलं होतं, ते पाइपातून कारखान्याच्या टाकीत गेलं आणि आठवडा सरायच्या आत खड्ड्यात चिखल उरला. मग तोही तडकला. बॉयलर पेटायला अजून महिना होता. हरणं मात्र धुतली गेली, मी मुद्दाम जाऊन बघून आले.

मी मजकूर लिहून दिला. झिरा कोणाचा, तो फोटोसाठी कसा सजवला, कोणी ओळखला, सभेत काय झालं, आता तिथे काय आहे. साध्या वाक्यांत. छायाचित्रकाराने वाचला आणि विश्रामगृहाच्या व्हरांड्यात माझ्यासमोर बसून शांतपणे म्हणाला, की यात त्याचा काही दोष नाही, आणि असा मजकूर फोटोला बंद करून टाकतो, बघणाऱ्याला मोकळं ठेवत नाही.

“हे पत्रक आहे,” तो म्हणाला.

मी म्हटलं, हो.

पुस्तक मजकुराशिवाय निघालं. फोटोखाली ‘शीर्षकहीन’ असं छापलं आहे. पण त्याच्या मनाला काही टोचत असावं, कारण सभागृहातून फोटो उतरवले तेव्हा झिऱ्याची ती मोठी चौकट त्याने आबा-मावशीला भेट दिली. स्वतः गाडीत घालून नेली. मी सोबत होते. मावशीने ती दोन्ही हातांनी घेतली, मागे-पुढे करून बघितली, मागची फळी बोटाने वाजवली आणि बाभळीला टेकवून ठेवली. त्याला वाटलं तिला आवडली.

दसऱ्याआधीच त्यांनी निघायचं ठरवलं. राहण्यात अर्थच नव्हता. गाभण मेंढ्या कळपाच्या मागच्या अंगाला, घोड्यावर बिऱ्हाड. त्या सकाळी छायाचित्रकारही आला होता, कोरड्या खड्ड्याचा फोटो काढायला. कळप नदीच्या पात्रातूनच जाणार होता, म्हणून तो त्यांची जायची वाट बघत तिकाटण्याशेजारी बसला होता. मी मावशीला दोर आवळायला मदत करत होते.

घोड्याच्या पाठीवर पिलांसाठी जाळीची ढोली होती. वाटेत ज्या मेंढ्या वितील त्यांची पिलं त्यात ठेवायची. ढोलीचा तळ फाटला होता, तिथे मावशीने फोटोची चौकट बसवली होती. काच काढून बाजूला ठेवली होती. चित्र वर, त्यावर गवत. छायाचित्रकाराने ते पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. माझ्याजवळ येऊन तो हळू आवाजात म्हणाला, त्यांना त्या चित्राचं मोल कळलं नाही का?

मी मावशीला विचारलं. तिने दोर दातात धरला होता, तो सोडला.

“फळी चांगली हाय,” ती म्हणाली. “चित्रात पानी कुठं दिसतंय?”

आबा पुढे काठी घेऊन उभा होता. इतक्या दिवसांत तो वाळला होता. पटका नव्हता, नुसता टॉवेल गुंडाळलेला. त्याने मावशीकडे न बघता, घोड्याच्या मानेला हात लावत विचारलं, “निगायचं का मंग?”

मावशीने शेवटची गाठ मारली, ओढून बघितली.

“मंजूर,” ती म्हणाली.

आबाने मान खाली घातली आणि कळप हाकला. ती दोघं कळपासह पात्रातून पलीकडे चढेपर्यंत छायाचित्रकार थांबला, मग त्याने खड्ड्याकडे कॅमेरा वळवला. पहिली मेंढी शिरूर ओलांडायच्या आत व्याली असं मागाहून कळलं. पिलू मेलेलं होतं. दुसरीचं जगलं, ते ढोलीत घातलं.